टोपी-बेल्ट काढून ‘नाही’ म्हणताना

आधी बजाजनगरच्या काकूंचं सांगतो, मग बाकीचं. काकू नसत्या तर हे लिहायला मी आज या तळावर नसतो. वाळूजच्या एखाद्या कंपनीच्या गेटवर शिट्टी घेऊन उभा असतो. किंवा तिथंही नसतो, कारण दलातून काढून टाकलेल्या माणसाला गेटवर तरी कोण उभं करतं?

काकू आमच्या घरमालकीण. सगळी नोकरी त्यांनी कोर्टात टायपिस्ट म्हणून केली. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. बजाजनगरात प्लॉट स्वस्त होते तेव्हा त्यांनी एक घेतला आणि चार खोल्या बांधल्या. पुढच्या दोन त्यांच्या, मागच्या दोन भाड्याच्या. मागच्या एका खोलीत माझी बायको राहायची. मी राजस्थानच्या सीमेवर, वाळूत.

माझं गाव फर्दापूरच्या पुढं. दहावीचा निकाल लागला त्या साली विहिरीनं तळ दाखवला होता आणि अकरावीचं नाव काढायची घरात कुणाची छाती नव्हती. मी वाळूजला आलो, एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटल्या. शिफ्टच्या बसा यायच्या-जायच्या, त्या पोटांचा अंदाज घेत पीठ मळायला शिकलो. तिथंच कुणीतरी भरतीचं सांगितलं. सीमेवरच्या दलात स्वयंपाकी पाहिजेत, दहावी चालते. धावलो, छाती फुगवली, भरती झालो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. माझ्या सर्व्हिस बुकात अजून तेच आहे.

दलात माझं नाव कुणी घेत नाही. मी ‘महाराष्ट्र’. “ओ महाराष्ट्र, दाल में नमक!” दोन बंगाल आहेत म्हणून एकाला लंबा बंगाल म्हणतात, पण महाराष्ट्र मी एकटाच.

ट्रेनिंगमध्ये पहिली गोष्ट शिकवतात ती म्हणजे ‘जी साब’. साहेब काहीही बोलला की टाचा जोडायच्या आणि म्हणायचं ‘जी साब’. समजलं? जी साब. नाही समजलं? जी साब. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. गोळी सुटायच्या वेळी कुणी ‘पण साहेब’ म्हणत बसलं तर चालणार नाही. पण सवय एकदा हाडात गेली की ती गोळी आणि पोळी यात फरक करत नाही.

आता झालं ते सांगतो.

त्या साली दुष्काळ होता. मी सुट्टीवर आलो तर बजाजनगरात टँकर दोन दिवसांआड यायचा. आमच्या वाळवंटातल्या तळावर पाणी टँकरनं आणि घरीही टँकरनं. मी बायकोला म्हणालो, “बदली झाल्यासारखं वाटतच नाय.” ती हसली. तिला आठवा महिना होता. सुट्टी संपायला तीन दिवस राहिले होते. सकाळी टँकर आला तेव्हा मी स्टेशनवर रिझर्वेशनच्या रांगेत होतो. मागं नवीन इमारतीचं काम चालू होतं, त्यांचा चिखल रस्त्यावर आलेला. ही हंडा घेऊन गेली आणि घसरली.

मी पोचलो तेव्हा काकूंनी तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलंही होतं. वॉर्डाबाहेर बाकावर बसल्या होत्या, मांडीवर रिकामा हंडा. तो कुणाकडं द्यायचं सुचलंच नव्हतं त्यांना.

“बाळ ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “पण उठायचं नाही म्हणालेत. बाळंत होईपर्यंत पडून.”

“काकू, माझी गाडी परवा आहे.”

“मग?”

आईवडील गावाकडं, आई स्वतः अंथरुणाला खिळलेली. वॉर्डात रात्रंदिवस एक बाई आणि धावपळीला एक माणूस पाहिजे होता. बाई म्हणून काकू राहिल्या. माणूस म्हणून मी राहिलो.

एकदा सुट्टीनंतर उशिरा पोचण्याची नोंद माझ्या नावावर आधीच होती, लग्नाच्या वेळची. दुसरी नोंद म्हणजे काय, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्याच लंगरमधला, म्हणजे तळावरच्या स्वयंपाकघरातला, एक जण दुसऱ्यांदा उशिरा आला, साहेबांपुढं नेला, ‘जी साब’ म्हणाला, आणि महिन्याच्या आत ट्रंक घेऊन गेटबाहेर. काय कारण होतं ते त्याला कुणी विचारलं नाही असं आम्ही म्हणायचो. खरं म्हणजे विचारलं होतं. त्यानं सांगितलंच नव्हतं.

काकूंना हे सांगितलं तर त्यांनी पहिलं काम काय लावावं? मला एसटीडी बूथवर पिटाळलं. “तळावर फोन कर. कोण उचलतो, काय म्हणतो, सगळं लिहून आण. आणि पावती घे.”

मी फोन केला. टेलिफोनवर आमचा म्हातारा हवालदार होता. तो म्हणाला, “ठीक है महाराष्ट्र, लिख लिया. भाभी को देख.” मला वाटलं, झालं काम. आठ दिवसांनी परत फोन केला. तेव्हा दुसराच कुणी होता, हूं हूं करून त्यानं ठेवून दिला. दोन्ही पावत्या काकूंनी एका शाळेच्या वहीत डिंकानं चिकटवल्या आणि खाली माझ्याकडून लिहून घेतलं. “तळावर एक अर्ज पण टाक, डॉक्टरच्या दाखल्यासकट,” असंही त्या म्हणाल्या होत्या. मी हो म्हणालो आणि टाकला नाही. रोज म्हणायचो उद्या टाकतो. इंग्रजीत लिहावा लागेल, चुकेल, साहेब हसतील, अशी भीती. ही माझी चूक. ती पुढं येणार आहे.

मुलगी झाली. लहानशी, पण आवाज टँकरच्या भोंग्यासारखा. मी बावीस दिवस उशीर केला होता.

निघायच्या आधीच्या दुपारी मी वर्दी घालून बघत होतो, तेव्हा काकूंनी मला पुढच्या खोलीत बोलावलं. बायको बाळ घेऊन खाटेवर. काकू खुर्चीत बसल्या, समोर टेबल, टेबलावर निवडायला घेतलेले तांदूळ.

“तुझी पेशी कशी होते ते दाखव.”

“म्हणजे?”

“मी साहेब. तू आत ये. तुमच्यात येताना काय करतात?”

मी सांगितलं की आरोपीची टोपी आणि बेल्ट आधी काढून घेतात. दोन्ही बाजूंनी एकेक जवान, आणि लेफ्ट-राईट करत आत.

“मग काढ टोपी.”

“काकू, घरात कशाला?”

“काढ म्हणते ना. टोपी असताना सगळेच शूर असतात.”

मी टोपी-बेल्ट काढून बाहेर गेलो आणि लेफ्ट-राईट करत आत आलो. हसू येत होतं, पण काकूंनी तांदळातून मान वर केली आणि असा आवाज काढला की माझ्या टाचा आपोआप जुळल्या.

“तुम्ही बावीस दिवस विनाकारण गैरहजर होतात. गुन्हा कबूल आहे?”

“जी साब!”

बायको खाटेवर फसकन हसली. काकू हसल्या नाहीत.

“परत. गुन्हा कबूल आहे?”

“जी साब!”

“तुम्ही दवाखान्यातून चादर चोरलीत?”

“जी साब!”

“अहो!” बायको म्हणाली. “चादर कवा चोरली तुम्ही?”

“मी नाय चोरली.”

“मग जी साब काय म्हणता? उद्या ते म्हणतील पोरगी शेजारणीची हाय, तवा बी म्हणाल का?”

मी घामाघूम झालो. खरं सांगतो, मला कळत होतं काय म्हणायचं ते. तोंडच ऐकत नव्हतं. दहाव्या-बाराव्या वेळेला कुठं ‘नाय साहेब’ निघालं, तेही इतकं बारीक की काकू म्हणाल्या, “हे तांदळालाही ऐकू गेलं नाही.”

मग त्यांनी तांदळाचं ताट बाजूला सारलं. म्हणाल्या, “एकदा कोर्टात एक वॉचमन आला होता, आरोपी म्हणून. तुझ्यासारखाच, आपल्याच भागातला. साहेबांनी विचारलं, त्यानं मान हलवली. व्हय म्हणाला. मी टाइप केलं, कबूल. बाहेर आल्यावर त्यानं मला विचारलं, ‘ताई, साहेब काय म्हणत होते?’” “मी आत जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. नवी नोकरी होती माझी.”

मी त्यांच्यापुढं खाली बसलो.

“म्हणून ऐक. सवयच आहे, तोंड चुकणारच तुझं. चुकू दे. पण नंतर कागद येईल सहीला. त्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणायचं. समजल्याशिवाय पेन टेकवायचं नाही. कुणी खेकसलं तरी. एवढं जमेल?”

“जी सा—” मी म्हणालो, आणि मग तिघंही हसलो.

दारातून निघताना मी त्यांच्या पाया पडलो. म्हणालो, “काकू, तुम्हाला काय पाहिजे सांगा. तिकडून आणतो.”

“मला काय आणतोस, वाळू? तुझं गाव अजिंठ्याच्या पायथ्याला ना? इतकी वर्षं या शहरात काढली, पण लेणी नाही पाहिली. रविवार एकच, आणि रविवारी धुणं. कधी तरी दाखव.” आणि लगेच, “जा, गाडी चुकेल.”

तळावर पोचलो त्याच्या चौथ्या दिवशी पेशी. टोपी गेली, बेल्ट गेला. पँट सैल होते हो बेल्टशिवाय, हे कुणी सांगत नाही. एका हातानं सावरावीशी वाटते पण हात हलवायचा नसतो. आत मोठे साहेब, बाजूला कारकून, मागं आमचा सीनियर. आरोप इंग्रजीत वाचला, मग हिंदीत, भराभर.

“समझ में आया?”

“जी साब!”

“कबूल है?”

“जी साब!”

झालं. तोंडातून गेलं. आतल्या आत मी म्हणत होतो, अरे थांब, थांब, पण ते आधीच टेबलावर पोचलं होतं. कारकुनानं लिहिलं आणि कागद माझ्याकडं सरकवला. पेन दिलं. मी पेन धरलं. आणि मला काकूंचं ताट आठवलं, तांदळाचं, बाजूला सारलेलं.

“साब,” मी म्हणालो, “पढ़ के सुनाइए.”

मागून सीनियर हळू आवाजात गुरगुरला, “ओ महाराष्ट्र, वकील बन गया छुट्टी में?” पेनचा ठिपका कागदावर पडला. पण तो ठिपकाच होता. सही नव्हती.

मोठ्या साहेबांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. म्हणाले, आत्ता तर तू जी साब म्हणालास.

“जी साब.”

साहेब म्हणाले, मग आता काय झालं?

मला कुठून बळ आलं माहीत नाही. मी म्हणालो, “साब, जी साब तो मैं हर बात पर कहता हूँ.”

साहेबांच्या मिशा हलल्या. ते मागं रेलले आणि तोच आरोपाचा आवाज काढून म्हणाले, “आज दाल में पत्थर थे?”

“जी साब!”

“थे?”

“नाय साहेब!” मी ओरडलोच, मराठीत. “दाळ मी स्वतः निवडतो!”

आमच्या डाळीत खडा निघत नाही. ती एकच गोष्ट होती जिच्यावर माझं तोंड हाडातल्या सवयीलाही जुमानायला तयार नव्हतं. मागं सीनियर खोकला. तो हसू दाबत होता हे मला नंतर लंगरमध्ये कळलं.

साहेबांनी कागद ओढून घेतला, ‘कबूल’ शब्दावर रेघ मारली, बाजूला स्वतःची सही केली. म्हणाले, याचं म्हणणं ऐकायचं आहे. साक्षी नोंदवा. आणि मला म्हणाले की साक्षीदाराला प्रश्न विचारायचा तुला हक्क आहे, तयारी करून ये. हक्क हा शब्द मी कोर्टाच्या पायरीवर ऐकला असता तर वेगळं. माझी पँट धरून उभं राहायची वेळ आणि साहेब मला तो शब्द देत होते.

साक्षीला टेलिफोनवरचा म्हातारा हवालदार आला. आदल्या रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तो खरं बोलला तर निरोप पुढं पोचवला नाही म्हणून त्याच्यावर येईल. खोटं बोलला तर माझी नोकरी जाईल. आणि तो रोज माझ्या हातचं जेवायचा. बाजरीची भाकरी मी केली की दोन मागायचा, एक खायला आणि एक सकाळसाठी.

मला विचारायला सांगितलं. काकूंनी बरोबर दिलेली वही मी उघडली. पावत्या चिकटवलेलं पान समोर धरलं आणि तारीख, वेळ वाचली.

“हवालदारसाब, मैंने इस टाइम फोन किया था क्या?”

त्यानं वहीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“आया था,” तो म्हणाला. “भाभी अस्पताल में थी. मैंने पर्ची पे लिखा, रजिस्टर में भी लिखा. पर्ची ऑफिस में गई कि नहीं, मैंने पूछा नहीं. पूछना चाहिए था.”

रजिस्टर मागवलं. पहिला फोन त्यात होता. दुसरा नव्हता.

निकाल लागला तो सांगतो, लपवत नाही. पहिल्या आठ दिवसांचं कारण साहेबांनी खरं मानलं आणि ते दिवस सुट्टीत धरले. पुढच्या चौदा दिवसांसाठी मी अर्ज केला नाही, दाखला पाठवला नाही, ते माझ्या नावावर गेले. सात दिवस क्वार्टर गार्ड, म्हणजे तळावरच्या कोठडीत. नोकरी राहिली. हवालदाराला नुसती समज मिळाली. मी कोठडीत होतो तेव्हा त्यानं माझ्यासाठी भाकरी करून पाठवली. कच्ची होती, कडेला जळालेली. मी पूर्ण खाल्ली.

त्या सात दिवसांत मला झोप लागली, हे कुणाला पटणार नाही. जे मी केलं होतं त्याचीच शिक्षा होती ती. अर्ज न टाकलेल्या दिवसांची. तेवढीच. आणि ती ठरवण्याआधी कुणीतरी बसून माझं ऐकलं होतं. ट्रंक घेऊन गेटबाहेर गेलेल्या आमच्या त्या दोस्ताची मला फार आठवण आली. त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत तांदूळ निवडणाऱ्या कुणी काकू नव्हत्या, इतकाच काय तो फरक आमच्यात.

सुटल्यावर काकूंना फोन लावला, त्यांच्या शेजारच्या दुकानात. त्या धापा टाकत आल्या.

“काय झालं रे?”

“काकू, नोकरी राहिली.”

“सही केलीस का?”

“नाय केली. आधी वाचून दाखवा म्हणालो.”

“आणि नाही म्हणालास का?”

“म्हणालो. पण दाळीवरून.”

त्यांना सगळं सांगावं लागलं, दोनदा. दुसऱ्यांदा त्या इतक्या हसल्या की दुकानदार म्हणाला, काय झालं काकू, लॉटरी लागली काय? मग एकदम म्हणाल्या, “त्या साहेबांना माझा नमस्कार सांग.” मी सांगितला नाही. साहेबांना नमस्कार कसा सांगायचा ते ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

आता नवीन पोरं येतात तळावर. कुणाची पेशी असली की आदल्या दुपारी मी त्याला लंगरमध्ये बोलावतो, टोपी काढायला लावतो, समोर डाळीचं ताट घेऊन बसतो. पोरं हसतात. मग घामाघूम होतात. सीनियर एकदा डोकावून म्हणाला, “महाराष्ट्र, यह क्या नाटक है?” मी म्हणालो, “दाल साफ हो रही है, साब.” तो निघून गेला. बहुतेक त्याला कळलं होतं.

बजाजनगर ओळखू येत नाही म्हणतात आता. ज्या इमारतीच्या चिखलात बायको घसरली ती कधीच उभी राहिली, तिच्यामागं अजून चार. बूथच्या जागी मोबाइलचं दुकान. पाणी मात्र अजून दिवसाआड. माझी पोरगी काकूंच्या पुढच्या खोलीत अभ्यास करते आणि कुठलाही कागद दिला की आधी सगळा वाचते, शाळेच्या सहलीचा असला तरी. काकूंचे गुडघे गेलेत. जिना तर सोडाच, ओटा उतरतानाही भिंत धरतात. मागच्या सुट्टीत मी अजिंठ्याचं नाव काढलं तर म्हणाल्या, “राहू दे आता. तेवढ्या पायऱ्या कोण चढतंय?”

काकू, तेवढ्यावरून माझी सुटका नाही. लेण्यांवर डोल्या असतात, खुर्चीला दोन दांडे आणि चार माणसं. माझे दोन चुलतभाऊ आणि त्यांचा एक जोडीदार तेच काम करतात, आणि मी त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय. वारा नसेल अशा हिवाळ्यातल्या सकाळी फर्दापूरहून निघायचं. तुम्ही घाबराल, खाली उतरव म्हणाल, लोक बघतात म्हणाल. मी ऐकणार नाही. दांड्यांची तीन टोकं ते धरतील, पुढचं उजवं मी धरणार आहे, आणि पहिल्या लेण्यापासून शेवटच्यापर्यंत तुम्हाला जमिनीला पाय लावू देणार नाही.